कोबाल्टची निळी काच आणि ओ-थ्री फिल्टर: सात महिने वापरून

बारावीच्या प्रॅक्टिकलला क्षार ओळखायला दिला की पोटॅशियमच्या जागी सोडियम लिहिणारी मुलं दरवर्षी निघायची. चूक त्यांची नसायची. प्लॅटिनमच्या तारेला, वॉच ग्लासला, कुणाच्या घामेजल्या बोटाला मिठाचा अंश कुठून तरी लागलेलाच असतो. सोडियमचा पिवळा रंग इतका जबर की त्याच्याखाली पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत पार झाकून जाते. मग मी कपाटातून कोबाल्टची निळी काच काढून हातात द्यायची. "यातनं बघ." काच डोळ्यापुढे धरली की पिवळा जायचा, जांभळा उरायचा. ती काच ज्योतीत काही भर घालत नाही. नको तो रंग अडवते, एवढंच तिचं काम.

साताऱ्यातल्या एका ज्युनियर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी २९ वर्षं सहायक होते. सप्टेंबरअखेर ७,४०० रुपये मोजून दुर्बिणीला लावायची एक काच घेतली. तिच्याबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, कारण ही त्या निळ्या काचेचीच बहीण आहे. ज्योत तेवढी शेकडो-हजारो प्रकाशवर्षं लांब आहे.

वस्तू म्हणजे सव्वा इंची ओ-थ्री फिल्टर, मरणाऱ्या ताऱ्यांनी सोडलेले वायूचे फिके मेघ पाहायला वापरतात तो. अॅल्युमिनियमच्या काळ्या कडीत बसवलेली, रुपयाच्या नाण्याएवढी काच. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, तळाशी आतून आटे असतात, त्यात ती फिरवून बसवायची. तिच्यातून ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेषा पार होतात, एक ४९५.९ नॅनोमीटरची आणि दुसरी ५००.७ ची, आणि त्यांच्या आजूबाजूचा एक अरुंद पट्टा. बाकीचा दृश्य प्रकाश जवळपास सगळा अडतो. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या जातीच्या कुठल्याही बऱ्या फिल्टरला लागू आहे.

दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, १,२०० मिलिमीटर नाभीय अंतराची. आम्ही चौघांनी मिळून घेतली आहे आणि ती पाळीपाळीने एकेकाच्या घरी असते. आयपीस दोन, २५ आणि १० मिलिमीटरचे. म्हणजे ४८ पट आणि १२० पट. पुढचं सगळं याच जोडणीवरचं आहे.

आधी एक मनस्ताप सांगते, कारण तो कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. पहिली काच ज्या ऑनलाइन दुकानातून मागवली तिथून आली ती ओ-थ्री नव्हतीच. डबीवर तसं छापलेलं होतं, काच हिरवी होती, पण मला ती फारच उजळ वाटली. घरी तपासायला जुनी डीव्हीडी पुरते. काळ्या कागदाचं खोकं, एका बाजूला ब्लेडने पाडलेली बारीक फट, आत तिरका डीव्हीडीचा तुकडा. जुन्या तारेच्या बल्बकडे फट धरली की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसतो. फटीपुढे फिल्टर धरला की त्या पट्ट्यातली हिरव्या-निळ्याच्या सीमेवरची एक अरुंद चीर तेवढी उरायला हवी. माझ्या पहिल्या काचेत निळ्यापासून पिवळ्यापर्यंत सगळं आरामात येत होतं. दुसरी खूण आणखी सोपी. खरा फिल्टर हा रंगवलेली काच नसतो. काचेवर एकावर एक चढवलेल्या अतिशय पातळ थरांमुळे ठरावीक तरंगलांबीच पार होते. म्हणून तो उजेडाकडे धरून तिरका केला की रंग निळ्याकडे सरकतो. साधी रंगीत काच कितीही तिरकी करा, तीच राहते. पहिली सरकली नाही. परत पाठवली, पैसे तीन आठवड्यांनी आले. दुसरी दुसऱ्या ठिकाणाहून घेतली. ती दोन्ही परीक्षांत उतरली आणि मगच दुर्बिणीला लागली. तुम्हीही आल्या आल्या या दोन गोष्टी करा, परत करायची मुदत उलटून जाईपर्यंत थांबू नका.

आता मुळातला प्रश्न. जगात एवढी मूलद्रव्यं, मग ऑक्सिजनच्याच दोन रेषांसाठी वेगळी काच का करतात?

२९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री लंडनमध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाकडे, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या अशाच एका मेघाकडे, दुर्बीण वळवून तिला वर्णपटदर्शक जोडला. हे नाव ऐंशी वर्षं आधी विल्यम हर्शेलचं. त्याला या वाटोळ्या फिकट चकत्या ग्रहांच्या बिंबासारख्या दिसल्या होत्या. ग्रहांशी यांचा काही संबंध नाही, पण नाव चिकटलं. मराठीत बिंबाभ्रिका असाही शब्द आहे आणि मला तो जास्त आवडतो. हगिन्सला ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसला नाही, सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. प्रयोगशाळेत ज्याने ज्योत पाहिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळतो. तिथे ताऱ्यांची गर्दी नव्हती, चमकणारा विरळ वायू होता. त्यातली एक रेषा हायड्रोजनची निघाली. उरलेल्या दोन हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. मग नवं मूलद्रव्य मानलं गेलं आणि पुढे त्याचं नाव पडलं नेब्युलियम.

यात हट्ट नव्हता. चारच वर्षांनी, १८६८ मध्ये, सूर्याच्या वर्णपटात सोडियमच्या शेजारी एक अनोळखी पिवळी रेषा सापडली, तिच्यावरून हेलियम मानला गेला आणि १८९५ मध्ये रॅम्झीने तो पृथ्वीवरच्या खनिजातून काढून दाखवला. (विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवताना हेलियम तिथेच सापडला असं सांगतात. हेलियमच्या शोधाशी ज्याचं नाव जोडतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गाला आला होता हे खरं, पण तो १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ मध्ये तो इंग्लंडमध्ये होता आणि ग्रहण पाहायला गुंटूरला आला होता तो फ्रान्सचा जान्सेन.) हेलियम खरा ठरला, तर नेब्युलियमही ठरेल असं वाटणं साहजिक होतं. पण आवर्त सारणी भरत गेली आणि हलक्या मूलद्रव्यांत रिकामं घरच उरलं नाही. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेनने हिशोब मांडला. नेब्युलियम म्हणजे आपला ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. त्यालाच ओ-थ्री म्हणतात.

चुलतपुतण्याची मुलगी यंदा बारावीत आहे, मला आजी म्हणते. तिने विचारलं, "मग आजी, तुमच्या लॅबमध्ये ऑक्सिजनची ही रेषा का दिसत नाही? ऑक्सिजन तर फुकट आहे." हा प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर मला स्वतःला समजायला बरेच दिवस लागले होते.

सोडियमच्या ज्योतीत वरच्या पातळीवर गेलेला इलेक्ट्रॉन सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आत खाली येतो आणि पिवळा प्रकाश टाकतो. त्या ऑक्सिजनमधली ही विशिष्ट उडी मात्र इतकी अवघड आहे की आयनाला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्या अणूला, सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वाट पाहावी लागते. आपल्या खोलीतल्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. अर्धं मिनिट कुणाला निवांत मिळणार? दुसरा कण येऊन धडकतो, ऊर्जा धक्क्यातच निघून जाते, प्रकाश पडतच नाही. कॉलेजच्या पंपाने हवा काढून केलेल्या पोकळीतसुद्धा घन सेंटीमीटरला अब्जावधी रेणू उरतात. ग्रहीय तेजोमेघात तेवढ्याच जागेत साधारण हजार ते दहा हजार कण असतात. तिथे आयनाला त्याचं अर्धं मिनिट मिळतं. आणि मेघाची जाडी प्रकाशवर्षांच्या मापाची असल्यामुळे असे अगणित आयन एकाच वेळी आपापली हिरवी ठिणगी टाकत असतात. या रेषांना निषिद्ध रेषा म्हणतात. कुणी मनाई केलेली नाही, गर्दीत त्यांना संधी मिळत नाही इतकंच. आपल्याकडे त्या दिसत नाहीत, कारण आपल्याकडे पुरेसं रिकामं काही नाही.

आणि हे प्रमाण पाहा. तिथे हायड्रोजनच्या दोनेक हजार अणूंमागे ऑक्सिजनचा एखादा अणू. तरीही दृश्य प्रकाशात बऱ्याच मेघांत सगळ्यांत तेजस्वी रेषा त्याचीच. मधल्या ताऱ्याचे अतिनील किरण हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते इलेक्ट्रॉन इकडेतिकडे धावत ऑक्सिजनच्या आयनांना धक्के देतात, ऑक्सिजन ती ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर सोडून देतो आणि मेघ निवतो. दहा हजार अंशांच्या आसपास मेघाचं तापमान टिकून राहतं त्याचं मोठं श्रेय या ऑक्सिजनचं. उकळत्या भांड्याला वाफ निघायला वाट असावी तसं ते आहे.

आपल्या डोळ्याची यात फार मोठी मदत होते. अंधाराला सरावलेला डोळा ५०० नॅनोमीटरच्या आसपासच सगळ्यांत तिखट असतो. म्हणजे मेघ जिथे सगळ्यांत जास्त बोलतो, नेमकं तिथेच आपल्याला सगळ्यांत चांगलं ऐकू येतं. मात्र त्या अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळत नाही. त्यामुळे हिरवं काही दिसेल या आशेने फिल्टर घेऊ नका. राखाडीच दिसतं. निळसर हिरवी छटा लहान, दाट मेघांत मिळते आणि ती फिल्टर काढून जास्त छान दिसते.

आता रात्रींबद्दल.

आमचं घर यादोगोपाळ पेठेत. गच्चीवरून दक्षिणेला अजिंक्यतारा, आणि सगळीकडून दिव्यांचा उजेड. फिल्टर आला त्याच रात्री गच्चीवरून अभिजित गाठला आणि स्वरमंडलातला एम ५७ लावला, अंगठीसारखा दिसणारा. (एम म्हणजे मेस्ये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला क्रमांक.) खरं सांगायचं तर फरक थोडाच पडला. अंगठी आधीही दिसत होती, फिल्टरने मागचं आकाश काळं झालं आणि मधलं भोक जरा स्पष्ट झालं. या मेघाची पृष्ठभागाची चमक मुळातच चांगली आहे, त्याला मदतीची गरज कमी. त्या एका रात्रीवरून मत बनवलं असतं तर हा परिचय फार वेगळा झाला असता.

जंबुकातल्या एम २७ ने मत बदललं. हा मेस्येला १७६४ मध्ये सापडला, ग्रहीय तेजोमेघांपैकी सर्वांत आधी सापडलेला. फिल्टरशिवाय तो डमरूसारखा, कमरेत बारीक. फिल्टर लावला आणि डमरूच्या दोन्ही बाजूंच्या खाचा भरून आल्या, सगळा मेघ लांबट अंड्यासारखा झाला. जे पूर्वी आकाश वाटत होतं तिथेही वायू होता. गच्चीवरून, दिव्यांच्या उजेडात! त्या रात्री मी साडेअकरापर्यंत खाली उतरले नाही.

पण या काचेची खरी रात्र परळीच्या अलीकडे माझ्या दिरांच्या वस्तीवर झाली. बोगद्यातून पलीकडे गेलं की शहराचा उजेड मागे पडतो, आणि सज्जनगडाच्या पायथ्याकडे ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर जी हवा धुतलेली असते तिला तोड नाही. कुंभ राशीत एनजीसी ७२९३ आहे (एनजीसी ही अशीच आणखी मोठी यादी), हेलिक्स. अंतर साधारण ६५० प्रकाशवर्षं, म्हणजे या जातीत अगदी शेजारी. जवळ असल्यामुळे आकाशात पसरट, आणि पसरट असल्यामुळे फिका. मी आधी दोन हिवाळे तो शोधला होता आणि जागा बरोबर असूनही काही दिसलं नव्हतं. त्या रात्री २५ चा आयपीस, नुसतं आकाश. काहीच नाही. दुर्बीण जागची न हलवता आयपीस काढला, फिल्टर फिरवून बसवला, परत लावला, डोक्यावरून शाल ओढून दोन मिनिटं तशीच बसले. आणि मोठं, शांत, मधे किंचित पोकळ असं एक वर्तुळ हळूहळू वर आलं.

दीर आले. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, सात हजाराची काच लावून अंधारच जास्त दिसतोय की." मी म्हटलं, अंधारच घेतलाय, त्यात काय उरतंय ते बघा. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धुरावानी कायतरी हाय. मधी मोकळं." यापेक्षा नेमकं वर्णन मी केलं नसतं. जाऊबाईंनीही पाहिलं, आणि त्यांनी विचारलं की हा तारा मेला कशाने.

कशाने, ते त्या चुलीशेजारी बसून सांगितलं तसंच इथे सांगते. सूर्यासारखा किंवा त्याच्या सात-आठ पट वजनापर्यंतचा तारा म्हातारपणी फुगतो, तांबडा होतो. गाभ्यात हेलियमपासून कार्बन तयार झालेला असतो आणि त्याभोवतीच्या थरात तो तयार होत राहतो. ताऱ्याच्या पोटात खालून वर अशी घुसळण चालते आणि तो कार्बन पृष्ठभागापर्यंत येतो. हे नुसतं अनुमान नाही. १९५२ मध्ये पॉल मेरिलला अशा तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम सापडलं. टेक्नेशियमचं एकही समस्थानिक टिकाऊ नाही, सर्वांत दीर्घायुषी म्हटलं तरी त्याचं अर्धायुष्य काही दशलक्ष वर्षं. अब्जावधी वर्षांच्या ताऱ्यात ते दिसतंय म्हणजे त्याच ताऱ्याने ते अलीकडे शिजवलं आहे. पुढे बाहेरचे थर सुटतात आणि सेकंदाला वीस-तीस किलोमीटर वेगाने लांब जाऊ लागतात. मधे उघडा पडलेला गाभा लाखभर अंशांपर्यंत तापतो, त्याचे अतिनील किरण त्या थरांना उजळतात. दहा-वीस हजार वर्षांत थर इतके पसरतात की दिसेनासे होतात, गाभा श्वेतबटू होऊन निवत राहतो. सूर्याचं हे अजून पाचेक अब्ज वर्षांनी. तोवर जाऊबाईंचा चहा निवला होता.

माझ्या फिल्टरमधून दिसणारा ऑक्सिजन मात्र बहुतांशी त्या ताऱ्याने केलेला नसतो. तो ज्या मेघातून जन्मला त्यातूनच मिळालेला, आधीच्या अवजड ताऱ्यांनी मागे ठेवलेला. ऑक्सिजन वडिलोपार्जित आणि कार्बन स्वकष्टाचा, असं मी नातीला सांगितलं. आणि ही स्वकष्टाची कमाई या काचेतून अजिबात दिसत नाही, ही तिची सर्वांत मोठी मर्यादा मला वाटते.

कारण खरी रसायनशाळा कार्बनमध्ये आहे. ताऱ्याच्या थंड होत जाणाऱ्या वाऱ्यात कार्बन आणि ऑक्सिजन भेटले की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि तो बंध इतका घट्ट की सहसा सुटत नाही. जे कमी असेल ते संपेपर्यंत जोड्या लागतात. अकरावीला लिमिटिंग रीएजंटची गणितं घालतात ना, तंतोतंत ते. ऑक्सिजन उरला तर त्यातून सिलिकेटची धूळ, म्हणजे आपल्या दगडांच्या जातीची. कार्बन उरला तर काजळी, सिलिकॉन कार्बाइड, बेंझिनसारख्या कड्या जोडून झालेले मोठे रेणू. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी साठ कार्बनचा फुटबॉलच्या आकाराचा रेणू शोधला, त्यात क्रोटोला मुळात रस होता तो कार्बनने भरलेल्या ताऱ्यांभोवती कोणत्या साखळ्या बनत असतील यात. तो रेणू त्यांना प्रयोगशाळेत मिळाला, आणि पंचवीस वर्षांनी, २०१० मध्ये, टीसी १ नावाच्या ग्रहीय तेजोमेघात स्पिट्झर दुर्बिणीने त्याची अवरक्त खूण पकडली. ज्या दारावर थाप मारायला निघाले होते तिथेच तो राहत होता. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे सूर्याहूनही जुने कण सापडले आहेत, तेही अशाच ताऱ्यांच्या वाऱ्यातले. हातात धरता येईल अशी काजळी!

हंसातला एनजीसी ७०२७ असाच कार्बन उरलेला, म्हणून मी मुद्दाम तो लावला. फार लहान आहे, ४८ पटीला तारा आणि तो यांत फरक करणं कठीण. इथे या काचेची एक युक्ती उपयोगी पडते आणि ती पुस्तिकेत लिहिलेली नसते. फिल्टर आयपीसला बसवायचाच नाही. बोटांत कडेने धरायचा आणि डोळा व आयपीस यांच्यामधून आतबाहेर करायचा. काच मधे आली की सगळे तारे मंदावतात, आणि एकच ठिपका आहे तसाच राहतो. तोच तुमचा मेघ. तारा सगळ्या रंगांत प्रकाश देतो म्हणून त्याचं बहुतेक सगळं अडतं. मेघाचा प्रकाश त्या दोन रेषांतच एकवटलेला, म्हणून त्याचं फारसं काही जात नाही. मला दुसऱ्याच फेरीत सापडला. मग फिल्टर बाजूला ठेवून १० चा आयपीस लावला आणि निळसर हिरवा लांबट ठिपका पाहिला. याच मेघात २०१९ मध्ये हेलियम हायड्राइडचा आयन सापडला. हेलियम आणि हायड्रोजनचा हा बंध म्हणजे विश्वात सर्वांत आधी जुळलेला रेणू असं मानतात. प्रयोगशाळेत तो १९२५ पासून माहीत होता, पण आकाशात कुठेच सापडत नव्हता. विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीने तो अवरक्तात टिपला. हेलियम कुणाशी जुळत नाही हे वाक्य मी स्वतः किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. त्या ठिपक्याकडे बघताना ते वाक्य सारखं आठवत होतं.

हगिन्सचा कालेयातला मेघही त्याच आठवड्यात पाहिला. वायव्येला उतरत होता, पण सापडला. तिथे उलट सांगावंसं वाटतं की फिल्टर काढा. मधला तारा आठ इंचीत फिल्टरशिवाय दिसतो, आणि फिल्टर त्यालाच बुजवतो. काच लावायची कधी हे जितकं कळायला हवं तितकंच काढायची कधी हेही. देवयानीतल्या दीर्घिकेला किंवा तारकागुच्छांना ही काच लावून काहीच हाती लागत नाही, तो सगळा ताऱ्यांचा प्रकाश आहे. चंद्र, ग्रह यांचं तर नावच नको.

दिव्यांबद्दल एक निरीक्षण. एमआयडीसीकडे एका मैत्रिणीच्या गच्चीसमोर रस्त्याला अजून सोडियमचा पिवळा दिवा आहे. तिथे हा फिल्टर कमालीचा चालतो, कारण सोडियमचा उजेड ५८९ च्या आसपास आणि आपली खिडकी ५०० ला. आमच्या पेठेत आता पांढरे एलईडी आहेत. त्यांचा उजेड सलग पट्ट्याचा, त्यातला थोडा नेमका आपल्या खिडकीतूनही आत येतो. म्हणून जुन्या लेखांत शहरी आकाशातल्या फिल्टरच्या गुणाचं जे वर्णन वाचाल त्यातून थोडं वजा करून घ्या. दोन्ही ठिकाणी डोक्यावर जाड काळं कापड घेणं मात्र फिल्टरइतकंच कामाचं.

निगा राखणं साताऱ्यात सोपं नाही. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर थर चढवलेल्या काचेचं काय. मी घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलची पुरचुंडी घालून त्यात डबी ठेवते. जेल निळं असेपर्यंत कोरडं, गुलाबी झालं की दमट झालं. मग वेगळ्या काढलेल्या जुन्या पातेल्यात मंद आचेवर तापवलं की परत निळं. हे पातेलं स्वयंपाकाला वापरू नका, त्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो पोटात जाता कामा नये. काच पदराने किंवा रुमालाने पुसायची नाही. धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवायची, बोटाचा ठसा उमटला असेल तरच लेन्सचा कागद. माझ्या काचेच्या कडेला सात महिन्यांत काही आलेलं नाही. आटे मात्र इतके बारीक आहेत की थंडीत, अंधारात, बोटं बधिर झाल्यावर ते तिरके बसतात. एकदा फिल्टर निसटून गवतात पडला आणि तांबड्या टॉर्चने शोधेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून खाली टॉवेल अंथरते.

पहिलाच फिल्टर घ्यायचा असेल तर मी यूएचसी जातीचा सुचवेन. त्यात या दोन रेषांबरोबर हायड्रोजनची ४८६.१ ची रेषाही येते, त्यामुळे मृगातल्या मोठ्या तेजोमेघापासून पुष्कळ काही सुधारतं आणि तारेही फार मरत नाहीत. चार इंचांच्या आतली दुर्बीण असेल तर ओ-थ्री लावल्यावर उजेड अगदीच कमी उरतो. पण तुम्हाला मरणाऱ्या ताऱ्यांचाच नाद असेल आणि दुर्बीण सहा-आठ इंची असेल, तर ओ-थ्रीला पर्याय नाही. मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण आट्यांचा गेला.

एप्रिलमध्ये सप्तर्षींतला एम ९७ पाहिला, घुबड. फिल्टरशिवाय पुसटसा डाग, फिल्टरने स्वच्छ गोल चकती. घुबडाचे डोळे मला दिसले नाहीत. नातीला एक दिसला असं ती म्हणते, आणि तिचे डोळे माझ्याहून पंचेचाळीस वर्षांनी तरुण आहेत. तिने जर्नलसारखे तीन रकाने आखून लिहिलं. परीक्षा: ओ-थ्री फिल्टर डोळ्यापुढे धरला. निरीक्षण: तारे मंदावले, मेघ तसाच राहिला. अनुमान: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन असू शकेल. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "असू शकेल एवढ्यावर मार्क देतात का, आजी? कन्फर्मेटरी टेस्ट कुठंय?"

बरोबर आहे तिचं. फिल्टर ही प्राथमिक परीक्षाच झाली. खात्री करायची तर दोन रेषा सुट्या दिसायला हव्यात, एक दुसरीच्या तिप्पट उजळ. त्यासाठी आयपीसला लावायची, प्रकाश रंगांत फोडणारी ग्रेटिंग मिळते, तिची ऑर्डर दिली आहे. पाऊस उघडला की परळीला जाऊन पहिल्यांदा हंसातला तो ठिपका लावायचा असं ठरलं आहे. दिरांनी खुर्च्या टाकायची जागा आत्ताच सपाट करून ठेवली आहे.